आजीजवळ कोण बसणार?



गेल्या पौर्णिमेला विहारातून बाहेर पडत होते. चपला शोधत असतानाच पलीकडच्या गल्लीतल्या एका बाईंनी माझा हात धरला. म्हणाल्या, "ताई, तुम्ही पेपरात सगळ्या पोरींना शहाणपण शिकवता. आता माझ्या पोरीला दोन शब्द सांगा. सायकलवरून नेपाळला जायचं म्हणते!"

पोरगी शेजारीच उभी होती. तेवीस वर्षांची, एका लॅबोरेटरीत रक्त तपासायचे काम करते, रोज सायकलनेच कामावर जाते. तिच्या हातात शाळकरी वही होती आणि वहीत सगळा बेत लिहिलेला होता. तिघी मैत्रिणी. मुंबईहून गोरखपूरपर्यंत आगगाडी, सायकली ब्रेकव्हॅनमध्ये पार्सल करून. गोरखपूरला उतरून पहिल्यांदा कुशीनगर, म्हणजे पन्नासेक किलोमीटर. परत गोरखपूरला येऊन तिथून उत्तरेला सोनौलीची सीमा, साधारण शंभर किलोमीटर, ते दोन दिवसांत. सीमेपलीकडे भैरहवावरून लुंबिनी, पंचवीसेक किलोमीटर. मग कपिलवस्तूचे अवशेष बघून त्याच वाटेने परत. एकूण पंधरा दिवस. रोज चाळीस-पन्नास किलोमीटरच्या वर जायचे नाही असेही तिने खाली लाल पेनने लिहिले होते.

मला तर वही बघूनच बरे वाटले. पण आईचे प्रश्न संपेनात. परका मुलुख. रात्री कुठे राहणार? ट्रकवाले. माणसे कशी असतील? लोक काय म्हणतील? मुलगी एकेका प्रश्नाला उत्तर देत होती आणि तिची उत्तरे बरोबर होती. शेवटी पायरी उतरता उतरता बाई हळूच म्हणाल्या, "आणि सासूबाईंचं कोण करणार?"

घरात आजी अंथरुणाला खिळलेली आहे. आई दोन घरची स्वयंपाकाची कामे करते, वडील वॉचमनच्या ड्यूटीवर. सकाळ-संध्याकाळ आजीचे अंग पुसणे, कपडे बदलणे, भरवणे हे सगळे ही मुलगी करते. ट्रक, रात्र, परका मुलुख हे सगळे खरेच होते. पण खरा अडसर हा शेवटचा होता आणि तो सगळ्यात हळू आवाजात सांगितला गेला. मी म्हटले, आठवड्याभराने घरी येते, मग बोलू.

घरी येऊन मी कपाटातून एक जुने पुस्तक काढले. फोर्टच्या फुटपाथवर कधीकाळी घेतलेले. डर्व्हला मर्फी नावाच्या आयरिश बाईचे. पुस्तकाचे नाव 'फुल टिल्ट', १९६५ साली निघालेले. ही बाई १९६३ साली एकटी, सायकलवर, युरोपातून दिल्लीला आली. लोकांना तिची कथा माहीत असते ती एवढीच. लांडगे, पिस्तूल, बर्फ. मला मात्र तिच्या कथेतली त्याआधीची सोळा वर्षे जास्त महत्त्वाची वाटतात. ती आज सांगते.

आयर्लंडच्या दक्षिणेला वॉटरफर्ड परगण्यात लिस्मोर नावाचे छोटे गाव आहे. डर्व्हला तिथे १९३१ साली जन्मली. वडील जिल्ह्याचे ग्रंथपाल. घरात पुस्तके भरपूर, पैसे बेताचे. मुलीच्या जन्मानंतर थोड्याच काळात आईला सांधेवाताने धरले. साधासुधा नव्हे; हातपाय आखडून माणूस खुर्चीला जखडून राहतो तो. एकुलती एक मुलगी.

दहाव्या वाढदिवसाला आईवडिलांनी तिला एक जुनी सायकल दिली आणि आजोबांनी एक जुना नकाशांचा संग्रह. दोन्ही वस्तू वापरलेल्या. काही दिवसांनी गावाजवळची एक चढण चढताना तिचे लक्ष स्वतःच्या पायांकडे गेले. पाय वरखाली होत होते आणि सायकल पुढे जात होती. तिच्या मनात आले, हे असेच पुष्कळ दिवस करत राहिले तर हिंदुस्थानपर्यंत जाता येईल. दहा वर्षांच्या पोरीचा हिशेब! पण तिने तो कुणाला सांगितला नाही. मोठी माणसे हसतील आणि हे वय निघून जाईल म्हणतील, हे तिला तेव्हाच कळत होते. आपल्याला हे वय निघून जाऊ द्यायचे नाही, हेही.

चौदाव्या वर्षी शाळा सुटली. आईचे करायला घरात दुसरे कोणी नव्हते. शाळा सुटल्याचे तिला फार दुःख झाले नाही, असे तिनेच लिहिले आहे. वाचायला मिळत होते, सायकल होती. पण पंधरा गेले, वीस गेले, पंचवीस गेले. आईचे दुखणे वाढत गेले. उठवणे, बसवणे, रात्री हाक आली की जाणे. मधूनमधून सुटका मिळे. १९५१ साली ती सायकलवर वेल्स आणि दक्षिण इंग्लंड फिरून आली. हीच तिची परदेशातली पहिली सायकलफेरी, तीन आठवड्यांची. नंतर बेल्जियम, जर्मनी, फ्रान्स, पुढे स्पेन. विशेष म्हणजे, जा म्हणून उत्तेजन देणारी तिची आईच होती. त्या बाईने स्वतः तरुणपणी पायी प्रवासाचा आनंद घेतलेला होता. पण घरी परत आले की पुन्हा तेच दार, तीच हाक. शेवटची काही वर्षे तर एवढी कठीण गेली की आई आणि मुलगी दोघी एकमेकींना सहन करण्यापलीकडे गेल्या. १९६१ च्या फेब्रुवारीत वडील वारले. १९६२ च्या ऑगस्टमध्ये आई वारली. आणि १९६३ च्या जानेवारीत एकतीस वर्षांची डर्व्हला फ्रान्सच्या डंकर्क बंदरातून सायकलवर निघाली.

म्हणजे दहाव्या वर्षी घेतलेला निर्णय एकविसाव्या वर्षी नव्हे, निर्णयाला एकवीस वर्षे झाल्यावर पार पडला.

आता थोडे तिच्या तयारीबद्दल, कारण वहीवालीला ते उपयोगाचे आहे. सायकल साधी, पुरुषी घडणीची, भक्कम आणि जड. तिचे नाव तिने ठेवले रॉझ. 'डॉन किहोते' या जुन्या स्पॅनिश कादंबरीतल्या मरतुकड्या घोड्याचे नाव रोसिनांते, त्यावरून. सायकलला तीन गिअर होते ते तिने निघण्याआधीच काढून टाकले. आशियातल्या रस्त्यांवर नाजूक गिअर टिकणार नाहीत आणि बिघडले तर वाटेत कुणाला दुरुस्त करता येणार नाहीत, असा तिचा विचार. आज गिअरच्या सायकली सगळीकडे झाल्या आहेत, तरी हा विचार मला पटतो. उत्तर प्रदेशातल्या कुठल्याही बाजारात झाडाखाली बसलेला पंक्चरवाला तुमची सायकल उघडू शकला पाहिजे. जादा टायर तिने टपालाने वाटेतल्या शहरांत आधीच पाठवून ठेवले होते. सामान अगदी थोडे. फ्रान्सपासून दिल्लीपर्यंतच्या सहा महिन्यांचा खर्च शंभर पौंडांच्या आत भागवला. रोज रात्री दिवसभराचे लिहून काढायचे आणि जमेल तिथून गावाकडच्या मित्रमैत्रिणींना टपालाने पाठवायचे. त्याच कागदांचे पुढे पुस्तक झाले.

एक गोष्ट मला आवडली. सायकलवरून म्हणजे इंच-इंच सायकलवरूनच, असला हट्ट तिने धरला नाही. त्या साली युरोपात भयंकर हिवाळा पडला होता. रस्ते बर्फाने बंद. मग तिने काही टप्पे आगगाडीने काढले, काही ट्रकने. कुणाला काही सिद्ध करून दाखवायला ती निघाली नव्हती.

संकटे आली का? आली, आणि ती मी लपवणार नाही, कारण आईला खोटे सांगून मुलीला पाठवणे मला पसंत नाही. युगोस्लाव्हियात अंधारात पायी जाताना जनावरांनी अंगावर झेप घेतली. तिला ते लांडगे वाटले. पुढे ती म्हणे की रानटी कुत्रीही असतील. जवळच्या पिस्तुलाने तिने स्वतःला वाचवले. तुर्कस्तानच्या पूर्व टोकाला एका खानावळीत रात्री एक माणूस खोलीत शिरला, तेव्हा तिने छताकडे गोळी झाडली आणि तो पळाला. इराणमध्ये तर खुद्द एका पोलिसानेच तिला कोंडले. त्याच्या तावडीतून ती सुटली. (पिस्तुलाचा हा भाग वहीत उतरवून घेऊ नये. सीमेवर पकडतील, आणि योग्यच करतील.) अफगाणिस्तानात बसमध्ये भाड्यावरून उतारूंची भांडणे जुंपली, त्यात बंदुकीचा दस्ता हिच्या बरगड्यांत बसला आणि बरगड्या मोडल्या. हिचा त्या भांडणाशी काही संबंध नव्हता.

पण पुस्तक वाचून संपल्यावर लक्षात राहतात ती ही माणसे नव्हेत. दारात सायकल टेकवल्यावर आधी चहा आणि मग चौकशी करणारी माणसे लक्षात राहतात. जमिनीवर अंथरूण पसरून देणाऱ्या बाया लक्षात राहतात. अफगाणिस्तान तर तिला इतका आवडला की बरगड्या मोडूनही तिने त्या देशाला दोष दिला नाही. ती बामियानच्या खोऱ्यातही गेली होती. डोंगराच्या कड्यात कोरलेल्या दोन प्रचंड बुद्धमूर्ती तेव्हा उभ्या होत्या. एक ५५ मीटर उंचीची, दुसरी ३८ मीटर. २००१ च्या मार्चमध्ये त्या सुरुंग लावून उडवल्या गेल्या, हे आपण सगळ्यांनी तेव्हा टीव्हीवर पाहिले आणि घराघरांत चूल पेटवायला उशीर झाला होता. आज त्या कड्यात रिकामे कोनाडे आहेत.

पाकिस्तानच्या उत्तरेला तिने बाबूसर खिंड ओलांडली. उंची ४,१७३ मीटर. आपले कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे अडीच कळसूबाया एकावर एक ठेवल्या तरी थोडे कमीच पडते. उन्हाळ्यातही तिथे बर्फ होते आणि सायकल चालवण्याचा प्रश्नच नव्हता. सायकललाच ओढून, उचलून न्यावे लागले. उतारावर एका ओढ्याचा पूल वाहून गेलेला. मग तिने काय करावे? ओढ्यापाशी एक काळी गाय होती. तिच्या मानेला धरून, सायकलसकट, ही बाई पलीकडे गेली. माझ्या आजीला ही गोष्ट फार पटली असती. पंजाबच्या उन्हात भाजत ती १८ जुलै १९६३ ला दिल्लीला पोहोचली.

आणि दिल्लीला पोहोचून ती विश्रांतीला बसली नाही. तिबेटमधून आलेल्या निर्वासितांची लेकरे तेव्हा धर्मशाळेला होती. दलाई लामांच्या थोरल्या भगिनी त्सेरिंग डोल्मा ती छावणी सांभाळत होत्या. जागा कमी, मुले फार. खरूज, हगवण, खोकला. तिथे मर्फीबाईने काही महिने लेकरांची सेवा केली. सोळा वर्षे आईची शुश्रूषा केलेल्या हातांना ते काम नवे नव्हते. फरक एवढाच की या वेळी ती स्वतःहून गेली होती.

त्याच रस्त्याने उलट्या दिशेने पुढे आपल्यातलाच एक माणूस गेला. ओडिशाचा चित्रकार प्रद्युम्नकुमार महानंदिया. दलित घरातला, शाळेत त्याला इतर मुलांपासून वेगळे बसवत. १९७७ च्या जानेवारीत दिल्लीहून जुन्या सायकलवर निघाला, वाटेत लोकांची चित्रे काढून पोट भरत अफगाणिस्तान, इराण, तुर्कस्तान ओलांडून युरोपात पोहोचला आणि शेवटचा टप्पा आगगाडीने करून स्वीडनला गेला. तिथे त्याच्या मनातली मुलगी होती. पुढे दोघांचे लग्न झाले. ही गोष्ट वर्तमानपत्रांनी प्रेमकथा म्हणून खूप छापली. मला त्यात हेही दिसते की ज्या मुलाला वर्गात सतरंजीवर जागा नव्हती, त्याला वाटेतल्या चार देशांत परक्यांनी घरात घेऊन जेवू घातले.

असो. आता अक्काकडे वळते.

माझी थोरली बहीण, अक्का, आता सत्तरीच्या आसपास आहे. ती सातवीत असताना आमच्या आईचे अर्धे अंग लुळे पडले. वडील गिरणीत, आम्ही चार लहान भावंडे. अक्काची शाळा बंद झाली. कुणी ठरवले, केव्हा ठरवले, कुणालाच आठवत नाही. एके दिवशी ती शाळेत गेली नाही आणि मग गेलीच नाही. आम्ही बाकीचे शिकलो. मी तर चार आणे तासाच्या भाड्याच्या सायकलवर, दांड्याखालून पाय घालून, गुडघे फोडून घेत सायकलही शिकले. अक्का दारात उभी राहून बघायची. आतून हाक आली की आत जायची. आई चौदा वर्षे अंथरुणावर होती.

त्या आठवड्यात मी अक्काला मर्फीबाईची गोष्ट सांगितली. लसूण सोलत होती. लांडग्यांवर ती हसली, गाईवर अजून हसली. मग तिने एकच विचारले.

"आई मेली तेव्हा रडली का गं ती?"

मर्फीबाईने आपल्या आत्मचरित्रात हे फार खरेपणाने लिहिले आहे. आई गेली तेव्हा तिला सुटल्यासारखे वाटले. मोकळे वाटले. मी अक्काला तसेच सांगितले.

अक्काने दोन पाकळ्या सोलल्या. मग म्हणाली, "मी पण नव्हते रडले. लोकं म्हणाली, पोरीला धक्का बसलाय."

इतक्या वर्षांत हे तिने मला पहिल्यांदा सांगितले. मला काय बोलावे कळेना. मीही लसूण घेतला आणि सोलत बसले.

रविवारी मी त्या बाईंच्या घरी जायला निघाले तर अक्का म्हणाली, मी पण येते. गेलो. आजी खिडकीशी झोपलेली. अंगावर स्वच्छ चादर, केस विंचरलेले. मुलीचा हात फिरलेला दिसत होता. मी वही पुन्हा मागून घेतली आणि दोन-चार गोष्टी सांगितल्या. डिसेंबर-जानेवारीत तराईच्या बाजूला दाट धुके पडते, समोरचा ट्रक दिसत नाही, तेव्हा एकतर दिवाळीच्या सुमारास जा नाहीतर फेब्रुवारीत. अंधार पडल्यावर चाक फिरता कामा नये. नेपाळला जायला आपल्याला व्हिसा लागत नाही, पण पासपोर्ट किंवा निवडणुकीचे मतदार ओळखपत्र लागते. आधार कार्डावर विसंबू नका. आपले शंभर रुपये म्हणजे तिथले एकशे साठ. रात्रीच्या मुक्कामासाठी कुशीनगर आणि लुंबिनीला विहार-धर्मशाळा आहेत, आधी फोन करून ठेवा. आणि रोज रात्री आईला खुशाली कळवायची, त्याशिवाय जेवायचे नाही.

मुलगी सगळे लिहून घेत होती. आईचा चेहरा निवळत होता. पण नजर पुन्हा खिडकीकडे गेलीच.

"सगळं खरं ताई. पण पंधरा दिवस म्हातारीचं कोण बघणार? माझी कामं सुटली तर दुसरी मिळायची नाहीत."

मी अक्काकडे पाहिले. मला वाटले, आता ही म्हणणार, मी येऊन बसते. आयुष्यभर ती तेच म्हणत आली आहे. शेजारच्यांच्या बाळंतपणात, भावाच्या आजारात, माझ्या दोन्ही मुलांच्या वेळी.

कोपऱ्यात मुलीचा भाऊ मोबाईल बघत बसला होता. वीस-एकवीस वर्षांचा, अंगाने धट्टाकट्टा. कॉलेज दुपारी असते त्याचे.

अक्का त्याच्याकडे बघून म्हणाली, "त्या परदेशातल्या पोरीला भाऊ नव्हता. हिला आहे की."

बाई गडबडल्या. "अहो अक्का, त्याला कुठं जमतंय असलं? पोरगा आहे तो."

"मी तेरा वर्षांची होते," अक्का म्हणाली. "मला कुठं जमत होतं? जमलं." मग पदर खोचून उठली आणि त्या मुलाला म्हणाली, "ये इकडं. मोबाईल ठेव. आजीला कुशीवर वळवताना हात कुठं लावायचा ते दाखवते. आधी खांद्याखाली."